'भुतांचा सण' नक्की कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३१ ऑक्टोबरला सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले, तर शेजारच्या वहिनी हसत म्हणाल्या, "टीचर, आज तुमचा भुतांचा सण ना?" त्यांच्या मनात वावगे काही नव्हते. नाताळ ख्रिस्ती लोकांचा, ईस्टर ख्रिस्ती लोकांचा, मग इंग्रजी नावाचा हॅलोवीनही त्यांचाच, असा सरळ हिशेब. वर येऊन मोबाइल उघडला तर आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर दुसरे टोक. कुठल्याशा परदेशी प्रवचनाचे मोडकेतोडके मराठी करून कुणीतरी पुढे ढकलले होते. हॅलोवीनसाठी कोरलेला भोपळा ज्या घरात ठेवतात तिथे दुष्टात्म्यांना दार उघडे होते, सबब ख्रिस्ती पालकांनी आज मुलांना शाळेतही पाठवू नये. खाली 'आमेन'ची रांग.

आधी वहिनींना उत्तर देते. आमचे नाशिकचे शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने वसवलेली वस्ती. माझे सगळे आयुष्य या भागात गेले. आम्ही नाताळात दाराला तारा टांगतो, गव्हाणीचा देखावा करतो, करंज्या-चकल्या तळतो. हॅलोवीन हा शब्द मात्र माझी चाळिशी उलटेपर्यंत मी ऐकलासुद्धा नव्हता. आमच्या कुठल्या पाळकसाहेबांनी तो आणला नाही. तो कार्टूनमधून आला, मॉलमधून आला, आणि कॉलेज रोडच्या कॅफेंत कागदी वटवाघळे लटकू लागली तेव्हा नाशिककर झाला. म्हणजे तो जितका माझ्या नातीचा, तितकाच वहिनींच्या नातवाचा. दोघे एकाच वर्गात आहेत आणि शाळेने 'भीतिदायक वेशभूषा' दोघांनाही सांगितली होती.

आता आमच्या ग्रुपला. हॅलोवीन या नावात सैतान शोधणाऱ्यांनी प्रभूची प्रार्थना इंग्रजीत एकदा म्हणून पाहावी. 'तुझे नाव पवित्र मानले जावो' या ओळीत जो 'हॅलोड' आहे, तोच या नावात आहे. पवित्र जनांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, एवढाच त्याचा अर्थ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि २ नोव्हेंबरला आपली कॅथलिक भावंडे आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करतात. आयर्लंड-स्कॉटलंडकडे याच सुमारास सॅव्हिन नावाचा सुगी संपल्याचा जुना सण होता हे खरे. त्यावर पांघरूण घालायला चर्चने मुद्दाम हा दिवस निवडला, असे ठोकून सांगितले जाते. पण खुद्द आयर्लंडात पूर्वी सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये पाळत, तेव्हा तो हिशेब इतका सरळ नाही. आणि आम्हा प्रॉटेस्टंटांना हेही आठवायला हरकत नाही की धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने चर्चमधल्या गैरप्रकारांविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले ती तारीखही ३१ ऑक्टोबरच होती, साल १५१७.

मुळाचाच शोध घ्यायचा म्हटला तर हाती काय उरेल? १६५९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट मंडळींनी नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला. त्यांचे कारणही हेच होते: बायबलात तारीख नाही, आणि रोमन लोकांच्या हिवाळी जत्रांचा वास येतो. १६८१ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. आपल्या वारांची नावे घ्या. रवी, सोम, मंगळ, शनी हे सगळे कुणाचे तरी देव. म्हणून शनिवारी होणारी प्रार्थनासभा शनीची होत नाही.

दुसऱ्याच्या सणातले काय घ्यायचे आणि काय नाही, हा प्रश्न त्या परदेशी प्रवचनकारापेक्षा आपल्या आजी-आजोबांना जास्त कळत होता. एका अंगाला रामकुंड, एका अंगाला त्र्यंबकेश्वर, मध्ये आपली मूठभर घरे. हॅलोवीन वर्षातून एकदा येतो. त्यांच्या दारात हा प्रश्न श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज उभा असे. माझी आई दिवाळीच्या फराळाचे ताट दोन्ही हातांनी घ्यायची आणि नाताळात तेच ताट करंज्यांनी भरून परत करायची. रिकामे ताट परत द्यायचे नाही, हा नियम तिला कुठल्याही संप्रदायाहून मोठा होता. पण ताट देणारी "हा नैवेद्य आहे बरं का" म्हणाली, तर आई हात जोडून "रागावू नका" म्हणायची. तिने बायबलातले करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाचले होते. ते लिहिणारा प्रेषित पौल दहाव्या अध्यायात अगदी हेच सांगतो. बाजारातले मांस चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. पदार्थ कुठून आला याची धास्ती नाही. आता हे खाल्ल्याने समोरचा माणूस काय समजेल, एवढीच चिंता.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंग लिहिले, कीर्तने केली. टाळ आणि वीणा देवळातली म्हणून त्यांनी बाहेर ठेवली असती, तर आज आपल्या उपासनेत आपण काय म्हटले असते? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आणि त्यांचे अभंग डोळे मिटून गाणारे आम्ही भोपळ्याला घाबरतो!

भोपळ्याची ही भीती मला ओळखीची वाटते. दुकानाच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून कोहळा बांधतात, गाडीला लिंबू-मिरची. एका फळाने भूत पळते ही समजूत आपण सोडली, आणि दुसऱ्या फळाने भूत येते ही समजूत इंटरनेटवरून उतरवून घेतली. फळ तेच, फक्त उलटे टांगलेले. ज्याने दुष्टात्मे काढले त्या येशूचे नाव घेऊन एवढे भ्यायचे, हे मला तरी पटत नाही.

म्हणजे सगळेच चालेल असे मी म्हणत नाही. दोन गोष्टींवर मी घरात पाय रोवून उभी राहिले.

एक, प्लँचेट. थोरल्या नातवाच्या मित्रांनी त्या रात्री गंमत म्हणून वाटी उपडी घालून 'आत्मा' बोलवायचा बेत केला होता. मेलेल्यांना विचारू नका, हे बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे, आणि तिथे गमतीला वेगळे कलम नाही. तो गेला नाही. तोंड मात्र दोन दिवस फुगवून होता.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. नातीला चेटकीण व्हायचे होते. काळा झगा, टोकदार टोपी, झाडू, सगळे ऑनलाइन मागवूनही झाले होते. मी नाही म्हटले, आणि ते काही भुताच्या भीतीने नव्हे. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आजही एखाद्या म्हातारीला भुताळीण किंवा डाकीण ठरवतात. गावात पोर दगावले, गाय आटली, की बोट तिच्याकडे. तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते, कधी जीवही जातो. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर, त्याच वर्षी या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची गरज अजून संपलेली नाही. आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी तर इथे मान खाली घालावी. १६९२ मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात १९ जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून फासावर दिले, ते नेमाने प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच. ज्या झग्यामागे एवढ्या बायकांचे मरण आहे, तो आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावर हसायला घालणे मला जमेना. आमच्या ग्रुपवर 'आमेन' लिहिणाऱ्या एकालाही हे आठवले नाही. भोपळ्यात सैतान दिसला, झाडूखालची बाई दिसली नाही.

नातीला हे सगळे कळेल असे सांगणे सोपे नव्हते. मी तिला फक्त विचारले, "गावात सगळ्यांनी मिळून आजीला चेटकीण म्हटलं तर?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी भोपळा होते." जुन्या केशरी ओढणीत उशी कोंबून आम्ही भोपळा केला. तो भीतिदायक मुळीच नव्हता. बाईंनी विचारले, तू कोण, संत्रे का?

शाळेच्या कोपऱ्यात मांडायला म्हणून घरी एक डांगर, म्हणजे लाल भोपळाही कोरला. आतला गर फेकायचा नाही, ही आईची शिकवण. तो किसून, गूळ घालून घारगे केले. वहिनींकडे ताट नेले तेव्हा त्यांनी विचारले, "हा तुमच्या सणाचा प्रसाद का?" मी म्हटले, "छे, डांगराचे घारगे." त्यांनी दारातच एक तोंडात टाकला आणि ताट ठेवून घेतले. अजून परत आलेले नाही, म्हणजे बहुधा भरून येणार.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शरणपूर, नाशिक