मजले वाढवण्याआधी गल्लीतली वाहिनी तपासा

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री

विषय : वाढीव बांधकाम परवानगी आणि पिण्याच्या पाण्याचं वितरण

सादर नमस्कार.

शहरात पाण्याची ओरड सुरू झाली की बैठकीतली चर्चा धरणापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. नवा उद्भव शोधा, उपसा वाढवा, जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता वाढवा. यातलं काही चूक नाही. पण जलकुंभ भरलेला असतानाही गल्लीच्या टोकाच्या घरात नळाला नुसती हवा येते, तेव्हा दोष धरणाचा नसतो. तो जलकुंभ आणि नळ यांच्या मधल्या वाहिन्यांचा असतो. मी वितरण व्यवस्थेत अनेक वर्षं काम केलं आहे आणि या मधल्या टप्प्याबद्दलच आपल्याला लिहितो आहे. त्या वाहिन्यांवर किती माणसांचा भार पडणार हे पाणीपुरवठा विभाग ठरवत नाही. ते बांधकाम परवानगी देताना ठरतं, आणि तो निर्णय आपल्या खात्याच्या हातात आहे.

एक गल्ली घेऊ. ४०० मीटर लांब, जमिनीखाली १०० मिलिमीटर व्यासाची जुनी लोखंडी वाहिनी, तीही एकाच बाजूने पाणी येणारी. गल्लीत साधारण ११५० माणसं राहतात. माणशी दिवसाला १५० लिटर धरलं आणि सकाळच्या घाईत सरासरीच्या अडीचपट पाणी लागतं असं मानलं, तर वाहिनीतून त्या वेळी सेकंदाला ५ लिटर पाणी जायला हवं. पाण्याचा दाब आम्ही मीटरमध्ये मोजतो, जितके मीटर दाब तितक्या उंचीपर्यंत पाणी आपोआप चढतं. सगळा प्रवाह टोकापर्यंत जातो असं धरून हिशेब केला तर घर्षणात साधारण साडेतीन मीटर दाब खर्च होतो. गल्लीच्या तोंडाशी १५ मीटर दाब असेल तर टोकाला साडेअकरा मीटर उरतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी आपोआप चढतं, कुणाला मोटार लावावी लागत नाही.

आता त्याच गल्लीतले बंगले आणि दुमजली घरं पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि माणसं दुप्पट झाली. प्रवाह ५ वरून १० लिटरवर गेला. दाबातली घट मात्र दुप्पट होत नाही, ती साडेतीन मीटरवरून साडेबारा मीटरच्या आसपास जाते. टोकाला उरतो अडीच मीटर, म्हणजे तळमजल्यावरच्या नळाला कशीबशी धार. जलकुंभ तोच, त्याची पातळी तीच, शहराला मिळणारं पाणीही कदाचित वाढवलेलं. तरी शेवटच्या घराचं पाणी गेलं.

याचं कारण असं की वाहिनीतलं घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं. प्रवाह दुप्पट झाला की घट साडेतीनपटीहून जास्त, तिप्पट झाला की साडेसातपटीहून जास्त. त्यात जुन्या लोखंडी वाहिन्यांना आतून गंजाच्या गाठी धरतात. व्यास कागदावर १०० असतो, प्रत्यक्षात पाण्याला मोकळी वाट त्याहून कमी आणि खडबडीत. गुळगुळीत नव्या वाहिनीच्या तुलनेत अशा वाहिनीत त्याच प्रवाहाला दुप्पट-अडीचपट दाब लागणं ही रोजची गोष्ट आहे.

हेच गणित उलट्या बाजूने आपल्या कामाचं आहे. त्या गल्लीत १०० ऐवजी १५० मिलिमीटरची वाहिनी टाकली, तर दुप्पट माणसांसाठी लागणाऱ्या १० लिटर प्रवाहाला दाबाची घट पावणेदोन मीटरच राहते. व्यास दीडपट केला की वाहिनीची क्षमता जवळजवळ तिप्पट होते. आणि वस्तीतल्या रस्त्यात वाहिनी टाकताना मोठा खर्च असतो तो खोदाईचा, रस्ता पूर्ववत करण्याचा, मधल्या केबल आणि गटारं सांभाळण्याचा. पाइपाचा व्यास एक पायरी वाढवल्याने एकूण खर्च त्या मानाने थोडाच वाढतो. म्हणून रस्ता एकदा खोदणार असाल तर पुढच्या तीस वर्षांच्या लोकसंख्येसाठी खोदा, ही विनंती मी आपल्या खात्यातल्या प्रत्येकाला हात जोडून करेन.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की दाट वस्तीच नको. मला ते मान्य नाही. घनता ही पाणीपुरवठ्याची शत्रू नाही, उलट नीट आखली तर तिच्यासारखी सोय नाही. दाट शहरात माणशी वाहिनीची लांबी कमी लागते, त्यामुळे गळती शोधणं, वाहिनी बदलणं, मीटर वाचणं सगळंच माणशी स्वस्त पडतं. हाँगकाँगमध्ये शौचालयं फ्लश करायला समुद्राचं पाणी वापरतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यासाठी वाहिन्यांचं वेगळं जाळं उभं राहत गेलं आणि आज सुमारे ८५ टक्के लोकसंख्येपर्यंत ते पोहोचलेलं आहे. दुसरं संपूर्ण जाळं टाकणं परवडलं, यामागे तिथल्या घनतेचा मोठा हात आहे. विरळ पसरलेल्या शहरात हा खर्च कुणी केला नसता.

विरळ वस्तीचे हालही पाहायला हवेत. १९९० च्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतल्या अनेक शहरांतून लोक निघून गेले, उरलेल्यांचा वापरही घटला. वाहिन्या मोठ्याच राहिल्या. पाणी त्यांत जास्त वेळ साचून राहू लागलं आणि पाण्याची गुणवत्ता टिकवण्यासाठी चांगलं पाणी सोडून वाहिन्या धुवाव्या लागल्या. म्हणजे जास्त व्यास टाकला की झालं, असंही नाही. व्यास आणि माणसं यांचा मेळ बसायला हवा, आणि माणसं वाढवण्याची परवानगी देणाऱ्याला व्यास माहीत असायला हवा.

आज तो माहीत नसतो. बांधकामाच्या प्रकरणाला जोडलेले पाणीपुरवठ्याचे ना हरकत दाखले मी पाहिले आहेत. त्यात शहराकडे एकूण इतकं पाणी उपलब्ध आहे एवढंच लिहिलेलं असतं. ज्या रस्त्यावर इमारत उभी राहणार त्या रस्त्याखाली कोणत्या व्यासाची, किती जुनी वाहिनी आहे आणि सकाळी सहा वाजता तिच्यात किती दाब असतो, याचा एक आकडाही त्यात नसतो. तो आकडा काढायला आता काही कठीण नाही. वाहिन्यांच्या जाळ्यातला प्रवाह हाताने गणित करून काढण्याची पद्धत हार्डी क्रॉस या अभियंत्याने १९३६ साली मांडली. संगणकावर तेच काम करणारं एपानेट हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ पासून फुकट उपलब्ध करून दिलं आहे. नकाशा तयार असेल तर एका इमारतीचा भार जाळ्यात टाकून टोकाचा दाब बघायला एखादा तास पुरे. खरं काम आहे तो नकाशा करण्याचं. पुष्कळ ठिकाणी कुठली वाहिनी कुठून कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, हे फक्त जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की ते ज्ञान गेलं. ती माणसं कामावर आहेत तोवर त्यांना सोबत घेऊन नकाशा पुरा करून घ्या, हे मी कळकळीने सांगतो.

दाट वस्तीला सगळ्यात जास्त मारक ठरते ती तासांवरची पाण्याची पाळी. मघाच्याच गल्लीतल्या मूळच्या ११५० माणसांना दिवसाचं सगळं पाणी दोन तासांत द्यायचं ठरवलं, तर वाहिनीतून सेकंदाला ५ नव्हे, २४ लिटर पाणी जायला हवं. त्यासाठी ६० मीटरहून जास्त दाब घर्षणात जाळावा लागेल. तेवढा दाब कुठल्याच गल्लीच्या तोंडाशी नसतो. म्हणून जे व्हायचं तेच होतं. पहिल्या इमारतींच्या भूमिगत टाक्या पाणी सुटताच तोंड उघडून बसतात, त्या भरेपर्यंत पुढे दाब जात नाही, आणि टाक्या भरल्या तेव्हा पाळीची वेळ संपत आलेली असते. पुढची घरं वाहिनीला थेट मोटार लावतात. त्यांना दोष देणं मला जमत नाही, नळ कोरडा असलेला माणूस दुसरं काय करणार? पण मोटार ओढायला लागली की वाहिनीत निर्वात तयार होतो आणि जिथे सांधा सुटलेला असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. वाहिनीशेजारी गटार असेल तर ते गटाराचं असतं. पाणी बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होते तेव्हाही हाच धोका असतो.

हा धोका सर्वांत जास्त कुणाला आहे, तेही स्पष्ट लिहितो. दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये, जिथे माणसं सर्वांत जास्त आणि वाहिनी सर्वांत बारीक, तिथे बोळाच्या तोंडाशी एका जोडणीवरून अर्ध्या इंची पाइपांचा जुडगा निघालेला दिसतो. वीस-तीस पाइप, प्रत्येक वेगळ्या घराचा, एकमेकांवर रचल्यासारखे गटाराच्या कडेने आणि काही ठिकाणी थेट गटारातून जातात. सांधे कापडाने, रबरी पट्टीने बांधलेले. प्रत्येक कुटुंबाने आपल्या पैशाने शे-दीडशे फूट पाइप ओढलेला असतो, कारण बोळात आत जाणारी वाहिनी कुणी टाकलेलीच नसते. त्या सगळ्या पाइपांचा खर्च एकत्र केला तर एक चांगली वाहिनी सहज झाली असती. अर्ध्या इंचाच्या लांब पाइपात घर्षण इतकं जास्त असतं की मागच्या घराला हंडा भरायला ताटकळावं लागतं. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचं पाणी हा मानवी हक्क मानला. त्या ठरावात जागेच्या मालकीची अट नाही. घर कुणाच्या जमिनीवर आहे हा वाद वर्षानुवर्षं चालू द्या, पण तोवर बोळात वाहिनी टाका आणि घराघराला मीटरची जोडणी द्या. त्यात त्या लोकांचं भलं आहे आणि खालच्या सगळ्या शहराचंही, कारण तिथे आत शिरलेलं घाण पाणी वाहिनीतून पुढे जातं.

चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंती चोचले, असं मानणारे अधिकारी मला भेटले आहेत. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हचं उदाहरण मी त्यांना नेहमी देतो. १९९३ साली ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्याने त्या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेची सूत्रं घेतली तेव्हा तयार पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. जुन्या वाहिन्या बदलल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, चोरून घेतलेल्या जोडण्या नियमित केल्या, थकबाकी बड्यांकडूनही वसूल केली. पुढच्या दोन दशकांच्या आत तो आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. या काळात शहर वाढत होतं, दाट होत होतं. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते कुठल्याही श्रीमंत देशाचं शहर नव्हतं, नुकतंच युद्धातून सावरत होतं.

उंच इमारतींच्या टाक्यांबद्दलही दोन शब्द. त्या टाक्या शत्रू नाहीत. चोवीस तास दाब असेल आणि टाकीकडे जाणाऱ्या जोडणीवर प्रवाह मर्यादित करणारा व्हॉल्व्ह असेल, तर टाकी रात्री सावकाश भरते आणि सकाळच्या घाईचा भार रस्त्यावरच्या वाहिनीवर येतच नाही. म्हणजे नीट बसवलेली टाकी शेजाऱ्याचं पाणी वाचवते. आज मोठ्या व्यासाची जोडणी मागितली की मिळते आणि ती पाणी सुटल्याबरोबर सगळं ओढून घेते. नियमात एका ओळीची भर घातली तरी हे बदलेल.

आपल्याकडे माझी मागणी अशी आहे. वाढीव चटईक्षेत्र किंवा पुनर्विकासाची परवानगी देण्याआधी त्या रस्त्याच्या वाहिनीची तपासणी बंधनकारक करा, आणि इमारतीचा भार धरून टोकाला किती दाब उरेल तो आकडा परवानगीच्या कागदावर छापा. दाब पुरत नसेल तर वाहिनी आधी बदला, मजले नंतर. विकासकाकडून घेतलेलं शुल्क त्याच भागाच्या वितरण वाहिन्यांवर खर्च होईल असं बंधन घाला, नाहीतर ते दुसरीकडे वळतं आणि गल्ली तशीच राहते. शहराचे छोटे मोजणी विभाग पाडा, प्रत्येक विभागात आत येणारं पाणी मोजा आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब नोंदवणारं यंत्र बसवा. सरासरी दाबावर विश्वास ठेवू नका. जलकुंभाजवळ ३० मीटर आणि टोकाला शून्य असला तरी सरासरी १५ येते आणि अहवालात सगळं छान दिसतं. टोकाचे आकडे लोकांना बघता येतील असे दर आठवड्याला जाहीर करा.

राहिला प्रश्न परवानग्या देऊन झालेल्या प्रकल्पांचा. ते थांबवा असं मी म्हणत नाही, त्यांत लोकांचे पैसे अडकलेले आहेत. पण त्यातल्या बऱ्याच इमारतींचं भोगवटा प्रमाणपत्र अजून द्यायचं आहे, आणि इमारत पूर्ण व्हायला लागणारा वेळ एका गल्लीची वाहिनी बदलायला भरपूर आहे. अशा इमारतींची रस्तानिहाय यादी करून घ्या, एका रस्त्यावर मिळून किती माणसं येणार ते मोजा, आणि जिथे सध्याची वाहिनी कमी पडते तिथे भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेआधी नवी वाहिनी चालू होईल असं वेळापत्रक पाणीपुरवठा विभागाला बांधून द्या. ही यादी करायला नवा कायदा लागत नाही. कागद आपल्याच खात्यात आहेत.

कळावे,

आपला नम्र,
पाणी वितरणात काम केलेला एक अभियंता