अर्धा तास जातानाच संपला

इंदूर, रविवार रात्र

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल चिडून फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसलोय. "जाताना ताशी 12 किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी 36, मग 12 आणि 36 ची सरासरी 24, यात चुकलं काय?" असं म्हणालीस. बेरीज-भागाकार बरोबरच आहे गं. म्हणून आज मुद्दाम स्कूटर काढली.

घरापासून ए. बी. रोडने सरळ विजय नगर, मीटरवर 6 किलोमीटर. संध्याकाळची गर्दी. गीता भवनला थांब, पलासियाला थांब, एलआयजीला तर दोनदा सिग्नल हुकला. 30 मिनिटं लागली, म्हणजे ताशी 12. रात्री रस्ता मोकळा, 10 मिनिटांत घरी, म्हणजे ताशी 36. (मधे मित्राकडे चहाला बसलो तो वेळ धरला नाही. धरला तर सरासरी आणखी घसरेल.) एकूण 12 किलोमीटर, 40 मिनिटं. सरासरी चाल ताशी 18.

24 का नाही? 12 च्या चालीने मी अर्धा तास रखडलो, 36 ने जेमतेम दहा मिनिटं पळालो. दोन्हीला सारखाच वेळ दिला असता, तर तुझे 24 आले असते.

आता समज, 24 च हवेत. मग परत किती जोरात यायचं? ताशी 24 ने 12 किलोमीटरला लागतात 30 मिनिटं, आणि ती तर जातानाच संपली! परतायला उरला वेळ शून्य. आई म्हणाली, "हे मारुतीरायालाही जमायचं नाही."

वेगाचं प्रकरण निराळं. बोलताना आपण सगळ्यालाच स्पीड म्हणतो, पण चाल म्हणजे कापलेलं एकूण अंतर भागिले वेळ, आणि वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ. म्हणून पेपरात वेग विचारला की आधी विस्थापन बघ: निघालो कुठून, आहोत कुठे, त्यातलं सरळ अंतर आणि दिशा. घरून निघून घरीच आलो, विस्थापन शून्य, सरासरी वेगही शून्य. पेट्रोल जळलं ते जळलंच.

परतताना एकसारखा 36 ने आलो असं धर. अर्ध्या वाटेवर, म्हणजे 35 व्या मिनिटाला, मी 9 किलोमीटर कापले होते, पण घरापासून होतो फक्त 3 वर. तोवरची सरासरी चाल ताशी साधारण 15.4, सरासरी वेग 5.1. आणि त्याची दिशा? विजय नगरकडे! स्कूटरचं तोंड घराकडे असताना. हे एकदा आकृती काढून बघ, मग फोन कर.

लसणाची शेव बांधून ठेवलीय, उद्या पाठवतो.

तुझा,
बाबा