मान वळवली नाही

प्रिय दोस्ता,

परवा एसटी सुटली आणि तू खिडकीतून मागे पाहिलं नाहीस, म्हणून वहिनी जरा खट्टू झाल्या. मी गप्प राहिलो, पण घरी येताना मला ज्वाँव्हील आठवला.

जाँ द ज्वाँव्हील म्हणजे फ्रान्सच्या शाँपेन प्रांतातला लहानसा सरदार. १२४८ साली नवव्या लुई राजाबरोबर क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघाला तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. आई हयात, त्यामुळे जहागिरीतून वर्षाला हजार लिव्हरही (तेव्हाचं फ्रेंच चलन) हाती पडत नव्हते. तरी जमिनी गहाण टाकून नऊ नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धे, पदरी घेतले. मुलगा नुकताच जन्मलेला, ईस्टरच्या आदल्या दिवशी! हा अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर आसपासच्या देवस्थानांना जाऊन आला, पण गढीकडे मान वळवली नाही. म्हातारपणी त्यानेच लिहिलंय: गढी आणि दोन पोरं दिसली असती तर काळीज विरघळलं असतं.

पुढे नुसते हाल. सायप्रसमध्येच पैसे संपत आले, गाठीला २४० लिव्हर. राजाने पगारावर ठेवलं म्हणून निभावलं. १२५० मध्ये इजिप्तमधल्या मन्सुराच्या लढाईनंतर छावणीत रोग पसरला. हिरड्यांचं मांस इतकं वाढायचं की न्हाव्याने ते कापल्याशिवाय घास चावता येईना. छावणीभर कण्हणं, बाळंतिणींसारखं. शेवटी राजासकट कैद. खंडणीत तीस हजार लिव्हर कमी पडले आणि टेम्पलर, म्हणजे लढाऊ संन्यासी, आपली पैशांची पेटी उघडेनात, तेव्हा या पठ्ठ्याने कुऱ्हाड उचलली. किल्ल्या लगेच मिळाल्या! १२५४ मध्ये घरी परतला.

मला तो आवडतो त्यानंतरचा. लुईने पुन्हा मोहीम काढून याला आग्रह केला, तर हा सरळ नाही म्हणाला. मागच्या वेळी मी तिकडे असताना राजाच्या अंमलदारांनी माझी रयत नागवली, आता मी इथेच राहणार. जिवलग राजाला असं तोंडावर सांगायला छाती लागते. लुई १२७० मध्ये ट्युनिसला वारला. हा नव्वदी ओलांडून १३१७ पर्यंत जगला.

राजा गेल्यावर एकदा याच्या स्वप्नात आला, याच्याच गढीतल्या प्रार्थनामंदिरापाशी, अगदी खुशीत. हा म्हणाला, इथून निघालात की शेव्हिलाँला माझ्या घरी उतरा. राजा हसून म्हणाला, इतक्यात इथून निघायचा माझा विचार नाही. याने मग तिथे राजाच्या नावाची वेदीच उभारली.

पोचल्याचा फोन आधी वहिनींना कर, मला नंतर केलास तरी चालेल.

तुझाच