तात्या, त्याला एकदम नाही म्हणू नका

ऑरहूस, डेन्मार्क,
रविवार रात्र

ती. तात्यांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, धाकट्या बंड्याच्या डोक्यात हे गाड्यांच्या रेसचं खूळ तूच घातलंस. मान्य आहे. फोनवर तुमचा आवाज चढतो, मग माझाही चढतो, म्हणून आज लिहायलाच बसले.

मागच्या रविवारी होब्रो नावाच्या गावी गेले होते. इथून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. तिथं फिरकाट म्हणून व्हायकिंग लोकांचा गोल किल्ला आहे. पन्हाळा बघितलेल्या माणसाला ती तटबंदी म्हणजे शेताचा बांधच वाटावा, पण ते असू दे. सोबत ऑफिसातले एक सहकारी होते. ते म्हणाले, आमचा रेस ड्रायव्हर टॉम क्रिस्टेनसन याच गावचा, त्याच्या आईवडिलांचा इथं पेट्रोल पंप होता. मला आपलं उद्यमनगरातलं गॅरेज आठवलं. ग्रीसच्या वासात वाढलेलं आणखी एक पोरगं!

तुम्ही म्हणता, बाविसावं लागलं, आता कसली रेस? फॉर्म्युला वनबद्दल बोलत असाल तर तुमचं खरंच आहे. आपल्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या वाटेवरच्या खालच्या पायरीपर्यंत पोचला, हे बंड्या दिवसातून चारदा सांगतो. पण ती वाट पोरवयातच धरावी लागते. स्पोर्ट्स कारचं तसं नाही. हा क्रिस्टेनसन जर्मनीत आणि जपानमध्ये फॉर्म्युला थ्री जिंकला, तरी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत त्याला कधी जागा मिळाली नाही. १९९७ साली फ्रान्समधल्या ल माँच्या स्पोर्ट्स कारच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी त्याला बोलावणं आलं, तेही शर्यत अगदी तोंडावर असताना, एका जखमी ड्रायव्हरच्या जागी. वय जवळजवळ तीस. रात्रीच्या अंधारात त्यानं शर्यतीतली सगळ्यात वेगवान फेरी मारली आणि पहिल्याच खेपेला त्यांची गाडी जिंकली. पुढे २००० ते २००५ ओळीनं सहा वर्षं, मग २००८, आणि शेवटचं जिंकणं २०१३ला, पंचेचाळिसाव्या वर्षी. एकूण नऊ. इतक्या वेळा ती शर्यत दुसऱ्या कुणीच जिंकलेली नाही.

पण तात्या, मला नऊपेक्षा जास्त लक्षात राहिलेत ते हुकलेले दोन. १९९९ला त्यांची बीएमडब्ल्यू तीन-चार फेऱ्या पुढे होती. एक भाग तुटला, थ्रॉटल अडकला आणि गाडी भिंतीवर गेली. २००७ला पुन्हा आघाडीवर असताना ऑडीचं मागचं चाकच निखळलं. दोन्ही वेळा स्टिअरिंगवर हा नव्हता, जोडीदार होता. एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. सहा तासांत चार तासांहून जास्त आणि सगळे मिळून चौदा तासांहून जास्त एकानं चालवायचं नाही, असा नियमच आहे. पालखीचे खांदेकरी बदलतात पण पालखी खाली ठेवत नाहीत, तसं काहीसं. आपली पाळी संपली की गाडी धडधाकट दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि तो काय करतो ते बघत बसायचं. २००७ला चाक निखळलं तेव्हा दिंदो कापेल्लो चालवत होता. २००८ला त्याच कापेल्लोबरोबर हा जिंकला. बंड्याला हे जमेल का, खरंच सांगता येत नाही. धाकट्याला सायकलसुद्धा कुणाला द्यायला जिवावर यायचं.

तुमच्यासाठी एक गंमत. ऑडीची आर-एट ही रेसची गाडी अशी बांधली होती की गिअरबॉक्स, सस्पेन्शनसकट अख्खा मागचा भाग शर्यत चालू असताना काही मिनिटांत बदलता यायचा. मारुतीचा गिअरबॉक्स उतरवताना तुमची सबंध सकाळ जायची आणि आई जेवायला हाका मारून दमायची, ते आठवलं.

आता पैशाचं. या शर्यतींत ड्रायव्हरना खालून वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. ल माँला जीटी-थ्री, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांच्या गटात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ लागतोच, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी पैसेवाला हौशी उद्योजक असतो. गाडीचा खर्च पुष्कळदा तोच उचलतो आणि शेजारच्या पगारी ड्रायव्हरनं त्याला शिकवायचं, सांभाळून घ्यायचं. म्हणजे ही नोकरीच, तात्या. मालकाची मर्जीही राखायची. पोस्टरवरचा हिरो होणं फार थोड्यांच्या नशिबी.

आणि धोका मी लपवणार नाही. २०१३च्या त्याच शर्यतीत अॅलन सिमनसन हा डॅनिश ड्रायव्हर सुरुवातीच्या फेऱ्यांतच अपघातात गेला. क्रिस्टेनसनचे वडीलही त्याच वर्षी वारले होते. जिंकला, पण त्या वर्षीच्या आनंदाला काय म्हणायचं? हे आईला वाचून दाखवू नका.

माझं म्हणणं एवढंच. आधी डिप्लोमा पुरा होऊ दे. मग कमावेल त्या पैशातून त्यानं लायसन्स काढावं आणि कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर साध्या बंद टपाच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरून बघावं. पहिल्या वर्षाचे टायर माझ्याकडून, दुसऱ्या वर्षाचे नाही. तोवर रोज संध्याकाळी त्याला तुमच्याबरोबर गाडीखाली झोपवा. कुठला आवाज बेअरिंगचा आणि कुठला सीव्ही जॉइंटचा, हे न बघता सांगता आलं पाहिजे.

ल माँची शर्यत जूनमध्ये असते. पुढच्या वर्षी तुम्ही आणि आई इकडे आलात तर आपण जाऊ. रात्रभर जागायचं, आवाज कानठळ्या बसवणारा. आईसाठी कापूस आणा, आणि येताना कांदा-लसूण चटणी. माझी बरणी तळाला गेलीय.

तुमची,
नंदा