मेन्यूकार्ड नंतर, आधी मासळी बघ

मडगाव,
मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

महिनाअखेरीस तुम्ही सगळे बाणावलीला उतरताय, हे वाचून फार आनंद झाला. वेळ अगदी नेमकी साधलीस. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी, म्हणजे शॅकही उतरवतात. मार्चमध्ये मासळी आहे, शॅक आहेत, आणि वर काजूची हुर्राक दारूही आहे.

अमुक शॅकमध्येच जा, असं मात्र सांगत नाही. मोसम बदलला की आचारीही बदलतात. गेल्या वर्षीचं नाव यंदा उपयोगी पडेलच असं नाही. त्यापेक्षा बसण्याआधी एवढंच विचार, "आज ताजं काय आलंय?" चांगल्या ठिकाणी मासळीचं ताट टेबलावर आणून दाखवतात. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, बोट दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा यावा. उग्र वास आला तर सरळ उठ. मेन्यूकार्डावर थाई, इटालियन, पंजाबी असे दीडशे पदार्थ असतील तर फ्रीझर भरलेला आहे हे ओळख. 'फिश अँड चिप्स' मागवण्याआधीही मासा कोणता ते विचार. बऱ्याचदा तो गोठवलेला बासा असतो, आणि समोर समुद्र असताना तो कशाला खायचा?

अख्ख्या माशापुढे किमतीऐवजी 'अ‍ॅज पर साइज' लिहिलेलं दिसेल. बिलावरून वाद होतात ते इथेच. भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे आधी विचार, मासा समोर काट्यावर ठेवायला लाव आणि एकूण आकडा वदवून घे. चौघांना सव्वा किलोचं चोणक, म्हणजे आपल्याकडचा जिताडा, पुरे; सोबत माकुल (स्क्विड) आणि भात असेलच.

रेशाद बांगडा मात्र चुकवू नकोस. पोर्तुगीज 'रेशादो' म्हणजे भरलेला. बांगड्याच्या पाठीला, मधल्या काट्याच्या दोन्ही अंगांनी चीर देऊन खिसे करतात आणि त्यात मसाला भरतात. घरी करायचा झाला तर चार बांगड्यांना १५ सुक्या काश्मिरी मिरच्या, ८-१० लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, १० मिरी, ४ लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, चमचाभर साखर आणि मीठ घे. वाटायचं ते माडाच्या व्हिनेगरात, पाण्यात नाही. पाण्याने मसाला पातळ होतो, तव्यावर वाहून जातो आणि टिकतही नाही. मध्यम आचेवर एकेक बाजू चार-पाच मिनिटं. घाईत आच मोठी केली की साखरेमुळे वरची मिरची करपते आणि आतला मसाला कच्चाच राहतो. म्हणून शॅकमध्ये पहिला घास पाठीच्या चिरेतला घे. तिथे कच्च्या लसणीचा वास आला तर परत पाठव, संकोच करू नकोस.

बटर गार्लिक माकुल मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटांत उतरलं पाहिजे. त्यापुढे ते रबर होतं, आणि मग पुन्हा मऊ व्हायला अर्धा-पाऊण तास शिजवावं लागतं. विसवण, म्हणजे आपली सुरमई, रवा लावून हवी असेल तर तुकडी पाऊण इंचाची सांग. पातळ तुकडी कोरडी पडते. रवा तळायच्या क्षणीच लावायला हवा. आधी लावून ठेवलेला रवा पाणी ओढतो आणि तेलात सुटतो. सूर्यास्ताला सगळी टेबलं एकदम भरतात तेव्हा नेमकं हेच बिघडतं. म्हणून मोठं जेवण दुपारी साडेबाराला उरक आणि संध्याकाळी नुसतं पेय आणि एखादी डिश घेऊन बस.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली वाफ. तीच पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक साधारण १५ टक्क्यांची, फेणी ४० च्या वर. उंच ग्लासात ६० मिली हुर्राक, बर्फ, लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का. ती सरबतासारखी उतरते आणि उन्हात अंदाज चुकतो, तेव्हा दोन ग्लासांवर थांब आणि गाडी न पिणाऱ्याच्या हातात दे. गोव्यात २१ वर्षांखालच्यांना दारू देत नाहीत, म्हणून भाच्यासाठी कोकम सरबत सांग. ग्लास घेऊन पुळणीवर फिरूही नकोस, उघड्यावर पिण्याला दंड आहे.

बिल आलं की तीन ओळी बघ. दारूवर जीएसटी लागत नाही, तो दारू सोडून उरलेल्या रकमेवर हवा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. नको असेल तर काढायला सांग आणि ती रक्कम वाढणाऱ्या पोराच्या हातात ठेव. तिसरी ओळ माशाच्या वजनाची, ती काट्यावरच्या आकड्याशी जुळव.

वहिनींना शिंपल्यांचं वावडं आहे हे लक्षात आहे. त्यांच्यासाठी तिसऱ्यांशिवायची (तिसऱ्या म्हणजे शिंपलेच) थाळी आधीच सांगून ठेव, कारण सुकं बहुतेक तिसऱ्यांचंच असतं. गाडी मडगावला किती वाजता पोचते ते कळव.

तुझा,
विनू