कार्थेजचे सैनिक निव्वळ भाडोत्री नव्हते

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील, रोम आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज यांच्यातील कॅनीच्या लढाईवरचा (इ.स.पू. २१६) लेख आवडला. मात्र ‘रोमचे नागरिक लढले देशासाठी, कार्थेजचे पैशासाठी’ हे वाक्य खटकले. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या फौजेतील लिबियन पायदळ बरेचसे कार्थेजच्या अंकित मुलखातून सक्तीने भरती केलेले होते. उत्तर आफ्रिकेतलेच न्युमिडियन घोडेस्वार, बॅलेरिक बेटांवरचे गोफणदार, स्पेनचे आणि गॉलचे तलवारबाज, सगळे आपापल्या हत्यारांनिशी आले. भाषाही वेगवेगळ्या. तरीही ही सरमिसळ फौज इटलीत, परक्या मुलखात, पंधरा वर्षे एका सेनापतीमागे टिकून राहिली. केवळ पगारावर हे होत नाही. शिवाय लिबियनांना हॅनिबलने रोमनांकडूनच जिंकलेली चिलखते आणि ढाली दिल्या होत्या!

रोममध्ये भरती मालमत्तेच्या नोंदीवरून होई. श्रीमंताच्या अंगावर कड्यांचे चिलखत, तर बाकीच्यांच्या छातीवर ब्राँझचा वीतभर पत्रा. पण कॅनीत रोमन सैन्याचा संहार झाल्यावर हा नियम बाजूला ठेवावा लागला. सरकारने सुमारे ८,००० गुलाम विकत घेऊन सैन्यात भरले आणि देवळांत टांगलेली जुन्या लढायांतील लुटीची शस्त्रे खाली उतरवली. पुढे त्या गुलामांना लढाईतील पराक्रमाबद्दल स्वातंत्र्य मिळाले. माझ्या मते रोमला तारले ते या मनुष्यबळाने आणि इटलीतील मित्रराज्यांच्या तुकड्यांनी. लेखात या दोन्हींचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

– एक इतिहासप्रेमी वाचक, सातारा