सार्वजनिक जमीन म्हणजे मोकाट रान नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील सेजब्रशच्या माळरानांवर होणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीविषयी आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. परवाना काढला की सरकारी जमिनीत कोणीही कोठेही शिरावे, असा त्याचा एकूण सूर आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. शिकार योग्य की अयोग्य हा वाद मी येथे बाजूला ठेवतो.

सेजब्रश हे आपल्या दवण्याच्याच कुळातले उग्र वासाचे झुडूप. वायोमिंग, नेवाडा, आयडाहो अशा राज्यांतील त्याच्या अफाट पट्ट्यांचा बराच भाग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय खात्याकडे आहे. हे खाते एकूण सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळते. जमीन अशी संघसरकारची असली तरी शिकारीचे नियम ठरवतात ती राज्ये, आणि नियोजनाची सुरुवात तेथूनच होते. प्राँगहॉर्न, म्यूल डियर की एल्क (हे सारे तेथील हरणांसारखे प्राणी), नर की मादी, कोणते क्षेत्र आणि कोणत्या तारखा, हे राज्याचे वन्यजीव खाते ठरवते, आणि जेथे मागणी जास्त तेथील टॅग, म्हणजे ठरावीक प्राणी मारण्याचे परवाने, सोडतीने देते. सोडतीत नाव न लागल्यास नेवाडात सर्वांचे, तर वायोमिंगमध्ये या प्राण्यांसाठी परराज्यातील अर्जदारांचे, पुढच्या सोडतीत संधी वाढवणारे गुण साठत जातात, तर आयडाहोत गुणांची पद्धतच नसल्याने प्रत्येक वर्षी सगळे पुन्हा एका रांगेत उभे राहतात (मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते). शिवाय टॅगची संख्या स्थिर नसते. २०२२-२३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात वायोमिंगच्या पश्चिमेकडे प्राँगहॉर्न आणि म्यूल डियर मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा पुढच्या हंगामाचे टॅग राज्याने कमी केले.

टॅग हाती आला तरी जमिनीपर्यंत पोहोचता येईलच असे नाही, आणि लेखातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक सोडून एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेल्याने दक्षिण वायोमिंगमध्ये सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी विखुरली आहे. दोन सरकारी तुकडे केवळ कोपऱ्यावर भेटतात, तेव्हा खासगी जमिनीवर पाय न ठेवता तो कोपरा ओलांडणाऱ्या चार शिकाऱ्यांवर एल्क माउंटन येथील जमीनमालकाने दावा लावला होता. वायोमिंग ज्याच्या कक्षेत येते त्या दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये, सार्वजनिक जमिनीला कुंपण घालून वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याच्या आधारे, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र मोंटाना, आयडाहो आणि नेवाडा ही राज्ये त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जाणता शिकारी सीमांचा अद्ययावत नकाशा, नेटवर्कविनाही उघडेल असा, घरूनच फोनमध्ये उतरवून घेतो आणि गाडीची वाट कोठे संपते तेही आधीच पाहून ठेवतो, कारण पावसानंतर तेथील चिकणमातीत चारचाकी हमखास रुतते.

उरला मांसाचा प्रश्न, ज्याला लेखात एक ओळही मिळालेली नाही. प्राँगहॉर्नचा हंगाम अनेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात सुरू होतो, सावली जवळपास नसते आणि खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा वायोमिंगसह अनेक राज्यांत गुन्हा आहे. त्यामुळे सोलणे, तुकडे करणे, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरणे आणि बर्फापर्यंत पोहोचवणे यांचा हिशेब गोळी झाडण्याआधीच करावा लागतो. गाडीपासून चार मैलांवर एकट्याने एल्क पाडणे हा पराक्रम नसून निष्काळजीपणा आहे. हरणांतील क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या जीवघेण्या आजारामुळे मेंदू आणि पाठीचा कणा राज्याबाहेर नेण्यावर अनेक ठिकाणी निर्बंध आहेत, तेव्हा परराज्यातून आलेल्याने मांस हाडांपासून वेगळे करण्याची सोयही तेथेच करून ठेवावी लागते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक